ऑटोमॅटिक गाडी घेताय? सकाळी, थंड असतानाच पाहा

कापडाच्या धंद्यात एक गोष्ट माणूस फार लवकर शिकतो. नव्या ताग्यावर कांजी चढवलेली असते. हाताला कापड कडक लागते, डोळ्याला भरीव दिसते. एकदा धुऊन निघाले की खरा पोत समोर येतो. म्हणून जाणता गिऱ्हाईक तागा उलगडताच त्याचा कोपरा दोन बोटांत चुरगळतो. कांजीची पूड हाताला लागली की तो भाव विचारायच्या आधीच मनातला आकडा खाली आणतो.

सेकंड हॅण्ड ऑटोमॅटिक गाडीचेही असेच आहे. गरम इंजिन ही तिची कांजी. गाडी अर्धा तास फिरवून आणली, गिअरबॉक्सचे ऑइल तापले, की पुष्कळसे दोष झाकले जातात. हे मला कोणी शिकवले नाही, ठेच लागून शिकलो. तोच अनुभव आणि त्यानंतर मेकॅनिक मंडळींकडे बसून घेतलेली माहिती वाचकांपुढे ठेवत आहे. आपल्या भागात लहान व्यापारी, कंत्राटदार, कंपन्यांना माल पुरवणारे असे कितीतरी लोक आता जुन्या ऑटोमॅटिक गाड्या घेऊ लागले आहेत. त्यांचा पैसा वाचावा एवढाच हेतू.

ठेच अशी लागली

गुडघेदुखीमुळे डॉक्टरांनी क्लचची गाडी सोडायला सांगितली होती. आमचे काम पिंपरी ते चाकण. कंपन्यांच्या कामगारांच्या गणवेशाचे कापड पोचवायचे, नमुने दाखवायचे, बिलांसाठी चकरा मारायच्या. मोशीपासून चाकणपर्यंत नाशिक रस्त्याला जी वाहनांची रांग लागते ती सर्वांना ठाऊक आहे. तेथे क्लच दाबून दाबून निरोगी माणसाचा पायही भरून येतो.

गाडी पाहिली दुपारी चारला. विकणारा म्हणाला, "आत्ताच पेट्रोल भरून आणली, चला चक्कर मारू." गाडी लोण्यासारखी चालली. सौदा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी चालू केली, दांडी 'डी'वर टाकली, ब्रेक सोडला आणि गाडी जागची हलेना. तीन-चार सेकंद गेले, मग आतून 'धप्प' असा आवाज आला आणि गाडी हिसका देऊन पुढे सरकली. दहा मिनिटांनी मात्र पुन्हा लोणी! मनाची समजूत घातली की थंडीचे दिवस आहेत, होत असेल. महिनाभरात तीन सेकंदांचे सहा झाले. शेवटी पेटी खोलावी लागली. आतले रबरी सील दगडासारखे कडक झाले होते, क्लच प्लेटा जळून काळ्या पडल्या होत्या. जूनच्या शालेय गणवेशाचा माल भरायला बाजूला ठेवलेली रक्कम त्या पेटीने खाल्ली. त्या हंगामात उधारीवर माल उचलावा लागला आणि नफा व्याजात गेला.

ती गाडी मी पहिल्यांदा सकाळी सातला पाहिली असती, तर हे सारे तीन सेकंदांत कळले असते.

'थंड गाडी' म्हणजे काय?

थंड म्हणजे बर्फातली गाडी नव्हे. पुणे परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास जातो, त्यापेक्षा फार खाली क्वचितच. आपल्याकडे थंड गाडी म्हणजे रात्रभर, निदान सात-आठ तास, बंद उभी असलेली गाडी. मग तो मे महिना का असेना. चालू गाडीतले गिअरबॉक्सचे ऑइल ८०-९० अंशांपर्यंत तापते. त्या मानाने २५ अंशही थंडच.

थंडपणीच का पाहायचे, याचे कारण सरळ आहे. थंड गाडी पाहता पाहता गरम करता येते. गरम गाडी त्याच भेटीत थंड करता येत नाही. दोन्ही अवस्था पाहायच्या असतील तर सुरुवात थंडीपासूनच करावी लागते.

आधी पेटीचा प्रकार ओळखा

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा मोटारींचाच पट्टा. पिंपरीला टेल्को, म्हणजे २००३ पासूनची टाटा मोटर्स. मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये टेल्कोबरोबर भागीदारी करून पुढच्याच वर्षी पिंपरीच्या आवारात गाड्या जोडायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये चाकणला आपला कारखाना नेला. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला, पाठोपाठ महिंद्रचा. तरीही सामान्य माणसाच्या दारात ऑटोमॅटिक आली ती २०१४ नंतर. त्या वर्षी मारुतीने सेलेरिओमध्ये स्वस्तातली ऑटोमॅटिक दिली. आता जुन्या बाजारात चार प्रकारच्या पेट्या भेटतात. चारही 'ऑटोमॅटिक'च म्हणवतात, पण त्यांचे आजार वेगळे.

पहिली, टॉर्क कन्व्हर्टरची. ही खरी जुन्या घराण्याची. इंजिन आणि पेटी यांच्यामध्ये ऑइलने भरलेले भांडे असते, ऑइलच्या जोरावर चाक फिरते. पिंपरीत बनणारी टाटा हॅरियर, चाकणची महिंद्र एक्सयूव्ही ७०० यांच्या ऑटोमॅटिकमध्ये हीच पद्धत.

दुसरी, एएमटी. ही मुळात साधीच गिअरची पेटी. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम आपल्या हातापायांऐवजी एक यंत्र करते.

तिसरी, दुहेरी क्लचची. एक क्लच विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये २०१३ पासून अशी सात गिअरची पेटी आली, तिचे क्लच कोरडे. पिंपरीच्या टाटा अल्ट्रोझमध्ये २०२२ पासून आली, तिचे क्लच ऑइलमध्ये भिजलेले.

चौथी, सीव्हीटी. हिच्यात ठरीव गिअर नसतातच. दोन पुल्या आणि पोलादी पट्टा, एवढाच कारभार.

गाडीत कोणती पेटी आहे हे विकणाऱ्याला विचारून घ्या. त्याला सांगता आले नाही तर गाडीच्या पुस्तकात पाहा. दवाखान्यात आधी वय विचारतात, तसेच हे.

थंडीत आत काय घडते?

टॉर्क कन्व्हर्टरच्या पेटीत सगळा कारभार ऑइलच्या दाबावर चालतो. पंप ऑइल ओढतो, बारीक नळ्यांच्या चाळणीसारख्या एका भागातून ते वाट काढते. त्या भागाला व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात. कोणत्या वाटेने जायचे ते विजेवर चालणाऱ्या झडपा, म्हणजे सोलेनॉइड, ठरवतात. तो दाब पिस्टनला रेटतो, पिस्टन क्लच प्लेटा घट्ट दाबतो आणि गिअर लागतो. पिस्टनच्या कडेला रबरी सील असतो. वय झालेला सील कडक होतो, आक्रसतो. थंडपणी त्याच्या कडेने ऑइल निसटते, दाब भरायला वेळ लागतो. ऑइल तापले की सील मऊ होऊन फुगतो, फट बुजते आणि गाडी सुधारल्यासारखी वाटते. म्हणून 'सकाळी आजारी, दुपारी तंदुरुस्त' हे कडक सीलाचे ठळक लक्षण.

रात्रभरात भांड्यातले ऑइल खाली उतरणे, ऑइल कमी असणे, फिल्टर तुंबणे यांनीही सकाळचा उशीर होतो.

उलट प्रकारही असतो. थंड ऑइल दाट असते, तेव्हा झिजलेला पंपही कसाबसा दाब धरतो. ऑइल तापून पातळ झाले की तोच पंप हात टेकतो. ही गाडी सकाळी ठीक आणि चाकणच्या तळेगाव चौकात अर्धा तास अडकल्यावर घसरू लागते. 'घसरणे' म्हणजे इंजिनचा आवाज चढतो, काटा वर जातो, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही.

कशाला घाबरू नये

येथे गिऱ्हाइकानेही न्यायाने वागावे. थंड गाडीच्या काही सवयी दोष नसतात.

चालू केल्यावर पहिला मिनिट-दोन मिनिटे इंजिन मुद्दामच जास्त फिरते, आरपीएमचा काटा हजाराच्या वर असतो. त्या वेळी 'डी' किंवा 'आर' टाकल्यास थोडा जास्त धक्का जाणवतो. काटा खाली येऊन स्थिरावला की तो कमी झाला पाहिजे.

पहिले काही मिनिटे गिअर उशिरा बदलतात, म्हणजे इंजिन जास्त फेरे घेऊन मग वरचा गिअर टाकते. पुष्कळ गाड्यांमध्ये इंजिन आणि धूर शुद्ध करणारा डबा लवकर तापावा म्हणून तशी व्यवस्थाच केलेली असते.

कन्व्हर्टरच्या भांड्यातला आतला क्लच ऑइल तापेपर्यंत बंदच ठेवतात. त्यामुळे एकाच वेगाला सकाळी आरपीएम जास्त दिसतो.

एएमटी किंवा कोरड्या दुहेरी क्लचच्या काही गाड्यांत दार उघडताच 'घर्रर' असा बारीक आवाज येतो. पंप दाब भरून ठेवतो, त्याचा तो आवाज. मात्र गाडी उभी असताना तो दर काही क्षणांनी पुन्हा पुन्हा चालू होत असेल, तर साठवलेला दाब कोठेतरी निसटतो आहे असे समजावे.

पाहणीची रीत

१. विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगा, "सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा, सायलेन्सरच्या तोंडाशी जपून हात न्या. उबदार लागले तर नम्रपणे सांगा, उद्या येतो. गाडी खरोखर चांगली असेल तर त्यालाही एका दिवसाने फरक पडत नाही.

२. गाडी जेथे रात्रभर उभी होती तेथली जमीन पाहा. लालसर किंवा तपकिरी डाग म्हणजे बहुधा गिअरबॉक्सचे ऑइल. नुसते पाणी एसीचे असते.

३. चालू करण्याआधी किल्ली फिरवून सर्व दिवे पाहा. इंजिनचा दिवा किल्ली फिरवताच पेटला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात पेटतच नसेल तर कोणी तो बंद केला असण्याचा संशय घ्यावा.

४. इंजिन चालू करून काटा स्थिरावू द्या. ब्रेक घट्ट दाबून 'पी'वरून 'आर' टाका आणि मनात मोजा. एक-दीड सेकंदात गाडीने हलकेच दम घेतल्यासारखे जाणवले पाहिजे. दोन सेकंदांहून जास्त उशीर किंवा उशिरानंतर जोराचा 'धप्प' हे वाईट लक्षण. मग 'एन', मग 'डी', तसेच मोजा. पुष्कळ पेट्यांत उशीर आधी 'आर'मध्ये दिसू लागतो, म्हणून 'आर' विसरू नका. एएमटीमध्ये 'पी' नसतो, तेथे 'एन'वरून सुरुवात करा.

५. सपाट रस्त्यावर ब्रेक हलकेच सोडा. बहुतेक गाड्या आपोआप सरकू लागतात. सरकताना थरथर होते का ते पाहा.

६. अर्ध्याच ॲक्सिलरेटरवर चालवा. पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा हे बदल नीट ऐका. मध्येच इंजिन मोकळे सुटल्यासारखे ओरडले तर प्लेटा घसरत आहेत.

७. आता २०-२५ कि.मी. चालवा. थोडा मोकळा रस्ता, थोडी गर्दी, एखादा चढ. इंजिनपेक्षा गिअरबॉक्स उशिरा तापतो, म्हणून पाच मिनिटांची चक्कर म्हणजे चाचणी नव्हे. परत आल्यावर चौथी पायरी पुन्हा करा.

दोन वेळच्या नोंदी शेजारी ठेवा. फक्त थंडीत उशीर होत असेल तर संशय सील, उतरलेले किंवा कमी ऑइल यांवर. फक्त गरमीत घसरत असेल तर झिजलेला पंप, प्लेटा किंवा जुने ऑइल यांवर. दोन्ही वेळा एकाच गिअरला हिसका बसत असेल तर त्या गिअरचा क्लच किंवा सोलेनॉइड. ६०-७०च्या एकसारख्या वेगात रस्त्याच्या रम्बल पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर असेल तर बहुधा कन्व्हर्टरचा आतला क्लच. कोरड्या दुहेरी क्लचची थरथर गर्दीत, हळू चालताना, पहिल्या-दुसऱ्या गिअरात सापडते.

ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबून ताकद पाहण्याची एक जुनी चाचणी काही लोक करतात. हौशी माणसाने ती करू नये. काही सेकंदांतच ऑइल उकळीला येते, आणि एएमटी किंवा दुहेरी क्लचच्या गाडीचा तर क्लचच जळू शकतो.

ऑइल काय सांगते

ज्या गाडीला गिअरबॉक्सची डिपस्टिक आहे तिचे ऑइल पांढऱ्या कागदावर घ्या. आम्ही रंगाचा पक्केपणा पांढऱ्या रुमालावर घासून पाहतो, तसेच. या ऑइलचा रंग बहुधा लाल असतो. गडद झाले तर वय झाले. काळे आणि जळका वास म्हणजे प्लेटा जळल्या. चमकी दिसली तर धातू झिजतो आहे. गुलाबी दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे, आणि ती गाडी कितीही स्वस्त असो, हात जोडून परत फिरा. सप्टेंबर २०१९ आणि जुलै २०२४ मध्ये पुणे परिसरातल्या पुरांत पार्किंगमधल्या पुष्कळ गाड्या बुडाल्या होत्या, हे ध्यानात ठेवावे.

पातळी मोजण्यात फार चुका होतात. ऑइल तापल्यावर फुगते, म्हणून काही डिपस्टिकवर थंड आणि गरम अशा दोन वेगळ्या खुणा असतात. थंड ऑइल गरमच्या खुणेपर्यंत भरले तर तापल्यावर जास्त होते, त्यात फेस येतो आणि फेसाने दाब बसत नाही. काही कंपन्या इंजिन चालू ठेवून पातळी पाहायला सांगतात, काही बंद करून. आजकालच्या बऱ्याच पेट्यांना डिपस्टिकच नसते. तेथे खालचा बोल्ट खोलून, स्कॅनरवर ऑइलचे तापमान पाहत पातळी धरावी लागते.

ऑइलची जातही पेटीप्रमाणे वेगळी. सीव्हीटीत साधे ऑटोमॅटिकचे ऑइल घालणे म्हणजे रेशमाला धुण्याचा सोडा लावणे. आणि 'जन्मभराचे ऑइल' या बोलीवर फार विसंबू नये. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी नामवंत जर्मन कंपनी आपल्या ऑटोमॅटिक पेट्यांचे ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार कि.मी. किंवा ८ वर्षांनी बदलावे असे सांगते. ऑइलची निवड मोठ्या कंपन्यांनाही चकवते. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या पेट्यांतले सिंथेटिक ऑइल काढून खनिज ऑइल भरून देण्याची मोहीम काढली. उष्ण, दमट हवा आणि अडखळती वाहतूक यांत पेटीच्या विजेच्या भागाला धोका होता. आपली हवा आणि आपली वाहतूक कशी आहे हे सांगायला नको.

दोष पेटीचा नसतोही

पेटी खोलण्याआधी स्वस्त गोष्टी तपासाव्यात. बॅटरी अशक्त असेल तर सकाळी गिअरबॉक्सचा संगणक गोंधळतो, दिवे लागतात, हिसके बसतात. इंजिनचे रबरी माउंटिंग तुटले असेल तर 'डी' टाकताच धक्का बसतो आणि बिचारी पेटी बदनाम होते. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन नीट तापत नाही, आणि संगणक गाडीला थंडच समजून वरचा गिअर लांबवतो. पावसाळ्यात रात्रभर हॅण्डब्रेक ओढून ठेवला की मागचे ब्रेक गंजून चिकटतात. सकाळी गाडी हलत नाही, मग 'टक्' आवाज होऊन सुटते. हा ब्रेकचा दोष आहे, पेटीचा नव्हे.

म्हणून गॅरेजवाल्याने न तपासता "पेटी उतरवावी लागेल" म्हटले तर आधी स्कॅनर लावायला सांगा. 'पी-०७००' एवढाच कोड निघाला तर त्याचा अर्थ फक्त 'गिअरबॉक्सच्या संगणकात तक्रार आहे' असा. खरी तक्रार पुढचा कोड सांगतो. 'पी-०७३०' म्हणजे गिअरचे प्रमाण जुळत नाही, 'पी-०७४१' म्हणजे कन्व्हर्टरचा क्लच लागत नाही. आणि एक युक्ती. विकणाऱ्याने आदल्या दिवशी कोड पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या 'अपूर्ण' दिसतात. चांगला स्कॅनर तेही दाखवतो.

धंद्याच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट विकणाऱ्या बांधवांसाठी. गाडी तापवून दाखवणे म्हणजे कांजीचे कापड पक्के म्हणून विकणे. एक सौदा होतो, पण त्या गिऱ्हाइकाच्या दहा ओळखी तुटतात. 'सकाळी थंड गाडी दाखवू' असे जो डीलर आपणहून सांगेल, त्याच्याकडे लोक लांबून येतील. ऐब सांगून विकलेल्या मालाला भाव थोडा कमी मिळतो, पण झोप पुरी लागते. घेणाऱ्यानेही सकाळच्या साध्या धक्क्याला दोष ठरवून भाव पाडू नये. तोही खोटा गजच.

दुसरी गोष्ट आपल्या मुलांसाठी. आपल्याकडे गॅरेजमध्ये हात काळे करणारी हुशार पोरे पुष्कळ आहेत. ऑटोमॅटिक म्हटले की ती गाडी दुसरीकडे पाठवतात. स्कॅनर वाचायला, ऑइलची पातळी तापमानावर धरायला आणि थंड-गरम अशी दोन वेळची लेखी नोंद द्यायला शिकलेला मुलगा नुसत्या तपासणीच्या फीवरही संसार चालवू शकेल. मला गाडी घेण्याआधी असा कोणी भेटला असता तर मी आनंदाने त्याची फी दिली असती. आणि त्या जूनमध्ये शाळांचा माल रोखीने भरला असता.